दोरीखालचे चिनी गुलाब

माझी थोरली बहीण इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. आठवडाभर परक्यांच्या चादरी धुवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्या. आमच्या दाजींना स्वतःचा रुमालसुद्धा कधी धुवावासा वाटला नाही. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

त्यांच्या अंगणात दिवसभर ऊन असायचं ते एकाच कोपऱ्यात. तिथे ताईने चिनी गुलाब लावले होते. वीतभरही उंच न होणारी, जमिनीवरच पसरणारी रोपं. त्यांच्यासाठी तिने मातीत वाळू मिसळली होती, पाणीही ती बेतानेच घालायची. या फुलांचे बाकी काही लाड नाहीत, पण ऊन हवं म्हणजे हवंच. ऊन चढलं की उमलतात, दुपार कलली की मिटतात. ताई उजाडता कामावर जायची आणि दिवेलागणीला परतायची, त्यामुळे तिला कायम मिटलेलीच फुलं दिसायची. सुट्टीच्या दिवशी त्याच कोपऱ्यावरच्या दोरीवर चादरी लटकायच्या. त्या सावलीत काय उमलणार, कपाळ? दोरी दुसरीकडे बांधा, असं तिने किती वेळा सांगितलं असेल. कपडे मग वाळणार कुठे, असं दाजी विचारायचे आणि दोन्ही मुलगे बापाचीच री ओढायचे.

एकदाची ती निवृत्त झाली. दुसऱ्याच दिवशी तिने मला बोलावलं. आज तरी फुलं उमललेली बघू, म्हणाली.

मी पोचले तेव्हा ताई अंगणात उभी होती. सकाळी धुतलेल्या चादरी मागच्या भिंतीवर पसरा, असं सांगून ती स्वयंपाकाला लागली होती. दाजींनी त्या कोपऱ्यातच वाळत घातल्या होत्या, तेही जुन्या दोरीशेजारी आणखी दोन नव्या दोऱ्या बांधून. मोठ्या कौतुकाने ते मला म्हणाले, "आता ही घरीच आहे. रोज धुणं निघेल, म्हणून सोय करून ठेवली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत ताई घरातून सुरी घेऊन आली. एकेक चादर ओढून तिने धुळीत टाकली आणि तिन्ही दोऱ्या कापल्या.

"अगं, परत धुवाव्या लागतील," दाजी म्हणाले.

"लागतील. तुम्हाला."

मग ती रोपांजवळ जमिनीवर बसली. ऊन तापत होतं. बऱ्याच वेळाने पहिलं फूल उमललं, गडद गुलाबी. ताई त्याच्याकडे पाहत राहिली, पण तिच्या कपाळावरची शीर तशीच ताठ होती. एवढ्या वर्षांचा राग एका फुलाने जाणार नव्हता, आणि तो जाऊही नये असं मला वाटलं.