झमकूची एम्पली

माझी बायको झमकू एम्पलीवर भाकर गरम ठेवायची. एम्पली म्हणजे कारमध्ये गाण्याचा आवाज वाढवणारा जड डबा असतो, वरून कंगव्यासारखे दाते असलेला, तो. आमच्या छोट्या पिकअपमध्ये सीटच्या मागं अशा दोन बसवलेल्या होत्या. दोन्ही जुन्या, कोणाच्या तरी भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेल्या. जुनी एम्पली तापते फार. सकाळी तांड्यातून निघालो की झमकू बायांचे डबे गोळा करून त्या दात्यांवर रचायची न वर घोंगडी टाकायची. वावरात पोचून न्याहारीला बसलं की भाकर कोमट.

ज्यानं त्या बसवल्या त्या रशीदभाईचं दुकान दिग्रसच्या बसस्टँडमागं. एकदा त्यानं घोंगडी उचलून पाहिली न कपाळावर हात मारला.

"भाभी, ये चूल्हा नहीं है! इसको हवा लगनी चाहिए."

"गरम होते ना? मंग चूलच हाये," झमकू म्हणाली. "तुमी वायरी पाहा भाई, चूल बायाइले पाहू द्या."

रशीदभाईनं मुकाट्यानं एम्पली जराशी उचलून खालून हवा जाईल अशी जागा करून दिली. डबे काढा म्हणाला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो, नंतर गाडीच हाकली. लिहायची सवय नाही. पण ती गेल्यापासून जो येतो तो म्हणतो, "फार चांगली बाई होती." मला राग येतो. चांगल्या बाया पुष्कळ असतात. झमकू कशी होती ते कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगून राह्यलो.

ती कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होती. आमचे पूर्वज बैलांवर माल घालून मुलूखभर फिरायचे, मी पिकअपमध्ये बाया घालून वावरावावरानं फिरायचो, एवढाच फरक. कापूस फुटला की शेतवाले बाया शोधत तांड्यात येतात. सगळ्यांना एकाच वेळी पाहिजे असतात. मजुरीची बोली करायची, वजनाला उभं राहायचं, कोणाच्या वावरात पाणी नाही, कोणाची नजर वाईट आहे, हे सगळं झमकू पाहायची. आमच्या घरात आमची तांड्याची बोली चालते, पण भांडायला ती वऱ्हाडीच वापरायची. का विचारलं तर म्हणे, "गावाले समजलं पाहिजे ना, मी काय म्हणून राह्यली."

सकाळी ती घरासमोर उभी राहून एकेकीचं नाव घेऊन हाक मारायची. तांड्याच्या पार शेवटच्या घरापर्यंत आवाज जायचा. नाव घेतल्याशिवाय कोणी गाडीत चढायचं नाही, हा तिचा कायदा. हाकेसोबत प्रत्येकीला एक टोमणा फुकट. "केसली, नवऱ्याचं तोंड रात्री पाह्यजो, ये आता!" केसली ही टोळीतली सगळ्यात चलाख बाई. तीही घरातूनच ओरडायची, "पाहाण्यासारखं हाये काय ते?" तांडा हसतच उठायचा.

एम्पली आली ती दुसऱ्या एका पिकअपमुळे. तो गाडीवाला शेजारच्या गावचा. गाणी वाजवत तांड्यावरून गेला न आमच्या दोन बाया त्याच्याकडं वळून पाहत राहिल्या. झमकूनं ते पाहिलं. संध्याकाळी मला म्हणते, "गाडीत गाणं पाहिजे."

"इंजिनाचं काम निघालं हाये."

"इंजिन पाहून बाया बसत नाहीत."

गेलो रशीदभाईकडं. त्यानं नव्या मशीन दाखवल्या, निळे दिवे लागणाऱ्या. झमकू स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून ऐकत होती, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसं. म्हणाली, "हे बोंबलते." मग त्यानं कोपऱ्यातली एक जुनी, रंग उडालेली एम्पली जोडली. तिनं पुन्हा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "हे बोलते," म्हणाली न ती एम्पली दोन्ही हातांनी उचलून तिचं वजन पाहिलं, कोंबडी घेताना पाहतात तसं.

रशीदभाई खूश. "सही पकड़ा भाभी. पुराना माल है, झूठ नहीं बोलता. लेकिन बैटरी खाएगा."

"खाऊ द्या. आमच्या घरी सगळेच खातात न काम करतात." असं म्हणून माझ्याकडं पाहिलं.

तर ती खरंच बॅटरी खायची. गाण्यात ढोलाचा ठोका पडला की गाडीचे दिवे डोळे मिचकावल्यासारखे करायचे. एकदा वावराच्या धुऱ्यावर गाडी उभी करून बायांनी दुपारभर गाणी ऐकली न संध्याकाळी गाडी सुरूच होईना. सगळ्या उतरून ढकलायला लागल्या. "जोर लावा गं, म्हाताऱ्याची म्हैस बसली!" केसली ओरडली. झमकू म्हणाली, "म्हैस कोणती न म्हातारा कोणता ते तरी नीट पाह्य." मी आत बसून स्टेअरिंग धरलेलं, शरमेनं लाल.

आणखी एक खोड होती त्या एम्पलीला. मी गाडी पळवली की गाण्यामागं कुईं असा बारीक आवाज निघायचा, वेग वाढला की तोही चढायचा. रशीदभाई म्हणाला, अर्थिंग नीट नाही, वायर दुसऱ्या बाजूनं फिरवतो, जाईल. झमकू नको म्हणाली. ती मागं बायांमध्ये बसायची, तिथून मी दिसत नव्हतो. "राहू द्या ते. हा जोरात पळवते तं मले माईत पडते." झालं. तेव्हापासून जरा पाय दाबला की मागून पत्र्यावर थाप पडायची. पोलीस माझ्यावर लक्ष ठेवत नसतील एवढं त्या कुईंनं ठेवलं.

तंबाखू तिला लहानपणापासून. गळ्याचं दुखणं आधी सर्दी म्हणून काढलं, मग यवतमाळला दाखवलं, तिथून नागपूर. ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. फुसफुस तेवढी राहिली, तीही तोंडाजवळ कान नेला तर ऐकू येणारी.

तिला मरायची भीती नव्हती. भीती वेगळी होती. कापूस फुटायला आला होता न हाक मारणार कोण? मी मारून पाहिली. माझ्या हाकेला दोघीजणी आल्या, त्याही तोंड धुवायचं राहिलं म्हणून परत गेल्या. तो शेजारच्या गावचा पिकअपवाला तांड्यात येऊन सांगून गेला, "मुक्या मुकादमिणीसंगं कुठं जाता? वजनाले भांडण कोण करन?" खोटं बोलत नव्हता तो, म्हणूनच जास्त लागलं. केसली आमच्या दारात येऊन मान खाली घालून उभी राहिली. झमकूनं ओळखलं, ही विचारायला आलेली नाही, त्या दुसऱ्या गाडीत जाते हे सांगायला आली आहे.

केसली परत गेल्यावर झमकूनं माझा शर्ट ओढून कान जवळ घेतला. "रशीदभाईकडं चाल."

रशीदभाईला सगळं मीच सांगितलं. तो तिच्याकडं पाहत होता, ती त्याच्या एम्पल्यांकडं. मग त्यानं एक माइक आणला. तो एम्पलीला थेट चालत नव्हता, मध्ये एक छोटी डबी बसवावी लागली. गाडीच्या टपावर भोंगा लावला. गाण्याला एक एम्पली होती, भोंग्यासाठी त्यानं दुसरी काढली, पहिलीपेक्षाही जुनी. "धीमी आवाज इसी पे अच्छी आएगी भाभी," म्हणाला. झमकूनं माइक ओठांना लावला. दुकानाबाहेर भोंग्यातून खरखरत आलं, "पैसे किती?" रस्त्यावरचा एक माणूस दचकून खिसा चाचपायला लागला. रशीदभाई इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माइक चालू केला. चालू झाला हे तिला कळलं नाही. माझ्याकडं पाहून ती रोजच्यासारखं पुटपुटली न सगळ्या तांड्यानं ऐकलं, "हा म्हातारा अजून चड्डीवरच फिरून राह्यला."

घराघरांतून हसण्याचा आवाज आला. मी पळालो आत. मग भोंग्यातून केसलीचं नाव निघालं, टोमण्यासकट. केसली धावत आली. रडत होती की हसत होती कोण जाणे. गाडी भरली. वजनाच्या वेळी शेतवाला काट्यात हात मारायला लागला तर झमकूनं भोंग्यातूनच त्याच्या बापाची चौकशी केली, पलीकडच्या चार वावरांतली माणसं उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून वजन सरळ.

दोन-तीन हंगाम असे निघाले. मग दुखणं परत आलं. शेवटच्या हंगामात तिला गाडीत चढता येत नव्हतं. रशीदभाईनं लांब वायर जोडून दिली. गाडी रात्रीच घराच्या खिडकीला लावून ठेवायची, माइक तिच्या उशाशी. सकाळी पडल्यापडल्या ती नावं घ्यायची. बाया तिला याडी म्हणायच्या, आमच्या बोलीत आई. म्हणायच्या, "झमकू याडी, तू झोप, आमी येतो आपोआप." ती ऐकायची नाही. "आपोआप काय येते? तण येते."

एका सकाळी आभाळ भरून आलेलं. कापूस फुटून बोंडांतून लोंबत होता, पाऊस पडला असता तर काळा पडला असता. झमकूनं आदल्या दिवसापासून पाणीही धड घेतलं नव्हतं. आमची पोरगी पुसदवरून आलेली, पाय चोळत होती. मी मनात ठरवलं, आज जायचं नाही. शेतवाल्याचा कापूस गेला उडत.

तिनं हात पुढं केला. पोरीनं माइक दिला. एकेक नाव निघायला लागलं, मध्ये श्वास, मग पुढचं नाव. टोमणे नव्हते. सगळी नावं झाली. मी बटण बंद करायला उठलो, तर भोंग्यातून आलं, "फुलसिंग."

ते माझं नाव. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. इतका संसार झाला, नातवंडं झाली, तिनं मला 'ओ' म्हटलं, 'म्हातारा' म्हटलं, भांडणात जे म्हटलं ते इथं लिहिता येत नाही, पण नाव कधी घेतलं नव्हतं. बाहेर कोणीतरी हसायला लागलं न मध्येच थांबलं.

"फुलसिंग, गाडी काढ."

"मी कोठीच जात नाही," मी म्हणालो. माइक चालू होता, तेही सगळ्यांनी ऐकलं.

"काहून?"

"तुले असं टाकून जाऊ?"

"मी काय पळून जाऊन राह्यली?" मग बराच वेळ नुसता श्वास. "आज तू नाही गेला, तं उद्या बाया दुसऱ्याच्या गाडीत बसतीन. मोडली मंग टोळी. माह्या मागं तुलेच बोलवा लागन त्याइले. जाय."

मी गेलो. पोरीनं वायर काढून खिडकीतून आत ओढून घेतली, मी गाडी सुरू केली. लोक अजून विचारतात, बायको अशी पडलेली न तू कापसाला कसा गेला? विचारू दे. मला मुकादमिणीनं नाव घेऊन बोलावलं होतं.

पाऊस आला नाही. संध्याकाळी बाया आपापल्या घरी न जाता सरळ आमच्या दारात आल्या, केसांना कापूस चिकटलेला तसाच. झमकूनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सगळ्या होत्या." तिनं डोळे मिटले. त्याच आठवड्यात ती गेली, दुपारी, मी जवळ असताना.

तिचं दिवसकार्य झालं तरी वावरात कापूस उरलाच होता. पहिल्या सकाळी मी गाडीत बसून माइक घेतला. नावं पाठ होती, रोज ऐकलेली. केसली, मग जे तोंडात येईल ते. तिसरं नाव मी सोनीचं घेतलं. केसली खिडकीशी आली न माझ्या हातातला माइक बाजूला केला.

"काका, असं नाही. सोनीले शेवटी. तिचं पोरगं अंगावर पेते. याडी पह्यले मोकळ्या बायाइले बोलवे, मंग सासूजवळ मोठे लेकरं ठेवनाऱ्या, अंगावर पाजनाऱ्या सगळ्यात मागून. जेवढं नाव उशिरा, तेवढं पोराजवळ जास्त बसाले भेटे."

मी इतकी वर्षं बाजूला उभा राहून ती नावं ऐकली. मला वाटायचं, जी आठवेल तिला ती आधी बोलावते.

"तू सांग," मी म्हणालो. "कोणाच्या मागं कोण, तूच सांग."

केसली खिडकीशी उभी राहून हळू आवाजात एकेक नाव सांगत गेली न मी ते भोंग्यातून घेत गेलो. सोनीचं शेवटी घेतलं. तरीही ती लगेच आली नाही. आम्ही थांबलो. मग ती पदर सावरत आली, चढली न गाडी निघाली. मागं तिचं पोर आजीच्या खांद्यावर होतं. पोट भरलेलं होतं, रडलं नाही.