पुढचा पाय

आमच्या मीरा रोडच्या शांती नगरमधल्या घरात, गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या मधल्या फटीत एक पाण्यावरची स्की उभी आहे. शेजारच्या बेन कपडे वाळत घालताना दर थोड्या दिवसांनी विचारतात, "इसमें पहिया किधर लगता है?" पूर्वी मी समजावून सांगायचे, की याला चाकं नसतात, बोटीला बांधलेला दोर धरायचा आणि या एकाच फळीवर दोन्ही पाय ठेवून पाण्यावर उभं राहायचं, एक पाय पुढे, एक मागे. आता मी नुसती हसते. कारण माझ्या आईने एकदा त्यांना परस्पर सांगून टाकलंय, "पहिया नहीं है, इसलिए तो गिरती है."

हे खूळ मी आखातातून आणलं. तिथे मी एका कंपनीत हिशेब बघायला होते, आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीबरोबर एका क्लबमध्ये जायचे. ती दोन दिवसांत कंटाळली, मी अडकले. बाबा गेले तेव्हा आई इथे एकटी राहिली, म्हणून मी नोकरी सोडून परत आले. आल्यावर शोधाशोध केली तर पुण्याकडे एका धरणाच्या पाण्यावर बोट असलेली चार वेडी माणसं सापडली. हिवाळ्यात पाणी शांत असतं, तेव्हा मी तिकडे जाते. लोक विचारतात, एवढ्या लांब कशाला, आपली भाईंदरची खाडी काय वाईट आहे? अहो, खाडीत भरती-ओहोटी, गाळ, आणि लाटा. मला पाणी हवं वाटीत वाढलेल्या कढीसारखं.

या खेळात पाण्यात नारिंगी गोळे बांधलेले असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, असे सहा. बोट मधून सरळ जाते आणि आपण मागून नागमोडी, प्रत्येक गोळ्याला बाहेरून वळसा घालत. मला चार यायचे, चांगल्या दिवशी पाच. गेल्या हिवाळ्यात पाचव्याला वळताना स्कीचं टोक पाण्यात घुसलं. स्की थांबली, मी थांबले नाही. उजव्या गुडघ्यातला स्नायुबंध फाटला.

मीरा रोडलाच ऑपरेशन झालं. पुढचे दोन महिने आईने मला उठवलं, बसवलं, आंघोळ घातली, आणि प्रत्येक वेळी बोलून घेतलं. "स्वतःचे पाय स्वतःच्या पैशाने मोडून घ्यायला लोक सुट्टी काढतात, हे मी तुझ्यामुळे बघितलं." मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. आम्ही दोघी भांडलो नाही असा दिवस गेला, तर समोरच्यांना वाटतं घरात कुणी नाही.

डॉक्टरांनी मात्र एक वाक्य असं बोलून ठेवलं की त्याने माझी झोप उडाली. तपासून झाल्यावर ते म्हणाले, "चाला, जिने चढा, पोहा. पण हा पाय पुढे ठेवून पुन्हा ती वळणं घ्यायची नाहीत. सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो."

"आणि मागे ठेवला तर?"

त्यांनी जरा विचार केला. "मागे एकवेळ चालेल."

आई माझ्या शेजारीच बसली होती. रिक्षात ती म्हणाली, "एकवेळ म्हणजे नाही." मी म्हटलं, "एकवेळ म्हणजे हो." घर येईपर्यंत आम्ही यावरच होतो.

मला पुन्हा पाण्यावर उभं राहायचं होतं. त्यात पदक नव्हतं, कुठली निवड नव्हती. मला ते आवडतं, बस. चाळिशीला टेकलेल्या बाईला एखादी गोष्ट नुसती आवडू शकते, हे लोकांच्या गळी उतरवण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलंय.

पण डावा पाय पुढे घ्यायचा तर जुनी स्की कामाची नव्हती. तिच्यावरचे बूट उजवा पुढे, डावा मागे असे बसवलेले. आणि ती घेतली तेव्हा मी बारीक होते. स्कीची लांबी वजनावर आणि बोटीच्या वेगावर ठरते. वजन जास्त आणि स्की छोटी, तर ती वळताना पाण्यात बसते. वजन कमी आणि स्की लांब, तर ती आपल्याला जुमानत नाही. मग कडकपणा. कार्बनच्या कडक स्की सुसाट पळतात, पण चूक केली की माफी नाही. थोडी मऊ आणि रुंद असेल तर ती चुकीला सांभाळून घेते, मात्र वेगात मार खाते. मी महिनाभर फोनवर हेच वाचत होते. आई चष्मा लावून शेजारी बसायची आणि रंग बघायची. "हा पिवळा बरा आहे. बुडालीस तर लांबून दिसेल."

बंगळुरूचा एक माणूस अशा स्की बाहेरून मागवून देतो. मी त्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने वजन विचारलं, मी खरं सांगितलं, आईने मागून "अगं बाई" म्हटलं. वेग विचारला, किती गोळे येतात ते विचारलं, गुडघ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, सगळं एका गोष्टीवर आहे. तुमचा मूळचा पुढचा पाय कोणता? काही लोक वर्षानुवर्षं चुकीचा पाय पुढे ठेवून खेळतात. तुमचा मूळचा पाय डावा निघाला, तर मी मऊ, रुंद स्की देतो, एका हिवाळ्यात तुम्ही परत उभ्या राहाल. पण मूळचाच उजवा असेल, तर त्या गुडघ्याने उलटं शिकायला जाऊ नका. पडाल, आणि पडताना तोच पाय पुढे टाकाल. मग मी तुम्हाला स्की विकणार नाही."

दुकानदारच विकत नाही म्हणाल्यावर पाय तपासून बघणं आलंच.

मूळचा पाय ओळखायची रीत सोपी आहे. सरळ उभं राहायचं आणि कुणीतरी मागून न सांगता ढकलायचं. सावरायला जो पाय आपोआप पुढे पडेल, तो आपला. आखातात पहिल्या दिवशी माझ्या शिक्षकाने बोटीच्या धक्क्यावर मला तसंच ढकललं होतं आणि उजवा पडला होता. पण त्याने आधी "आता ढकलतो" म्हणून सांगितलं होतं, हे मला आठवत होतं. तेवढीच आशा.

घरात ढकलायला आईशिवाय कोण? मी हॉलमध्ये दाराकडे तोंड करून उभी राहिले.

"ढकलते हां," आई म्हणाली आणि तीन बोटांनी पाठीला टेकली. उजवा.

"आई, सांगायचं नाही. न सांगता ढकल."

"न सांगता ढकलू आणि पडलीस म्हणजे? गुडघा कुणी निस्तरायचा? ढकलते हां."

उजवा. दुसऱ्या दिवशी उजवा. मी डोळे मिटून उभी राहिले, उजवा. भाजी निवडता निवडता तिने उठून ढकललं, पण उठताना "आले हां" म्हणालीच. उजवा. चार-पाच दिवस हा खेळ चालला. शेवटी आई म्हणाली, "पुरे आता. देवानेच उत्तर दिलंय."

मी त्या माणसाला मेसेज केला, उजवाच आहे, राहू दे. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. धरणावरच्या मंडळींनाही कळवलं, की या हिवाळ्यात माझी वाट बघू नका, आणि पुढच्याही. मग गॅलरीत जाऊन स्कीवर जुनी चादर घातली. मला फार वाईट वाटलं. रडू मात्र आलं नाही.

आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. ते मी बघितलं आणि काही बोलले नाही. तिथेच बहुधा ती दचकली असावी, कारण एरवी मी बोललेच असते. पुढचे काही आठवडे मी अगदी गुणी मुलगी झाले. रत्नागिरीला मामेभावाकडे साखरपुड्याला जायचंय, चालेल. रात्री मुगाची खिचडी, चालेल. टीव्हीवर तिची मालिका, चालेल. एकदा ती चिडून म्हणाली, "चालेल काय चालेल? खिचडीत मीठ नाहीये. सांगता येत नाही?" मी म्हटलं, वरून घेते. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग एका रविवारी आम्ही भाईंदर पश्चिमेला मासळी आणायला निघालो. लिफ्टमधून उतरलो. मी पुढे, ती पिशवी घेऊन मागे. लॉबीच्या दाराशी मी रिक्षा दिसते का बघत उभी राहिले, आणि पाठीत दणकन धक्का बसला. तीन बोटांचा नव्हे. पुऱ्या तळव्याचा.

मी पडले नाही. पाय पुढे पडला होता, आणि मागून कुर्ता कुणीतरी घट्ट धरून ठेवला होता. वळून बघितलं तर आई. एका हाताने ढकललं होतं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत माझा कुर्ता. पिशवी खाली पडलेली. वॉचमन खुर्चीतून उठला, "क्या हुआ आंटी?"

"कुछ नहीं, बैठो तुम," आई म्हणाली. मग मला, "खाली बघ."

मी खाली बघितलं. डावा पाय पुढे होता.

"डावाच आहे तुझा," ती म्हणाली. "चालायला लागलीस तेव्हापासून. बालवाडीची पायरी डाव्याने चढायचीस, देवळात डाव्याने शिरायचीस. मी प्रत्येक वेळी मागे ओढून परत पाठवायचे, उजवा टाक, उजवा टाक. या घराच्या वास्तुशांतीला सगळ्यांसमोर डावा पाय टाकून धावत आत आलीस, तेव्हा थोबाडीत मारली होती मी. भटजी थांबले होते. तेव्हापासून तू उजवाच टाकतेस. आधी कळलं की उजवा. न कळता डावा."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. "म्हणजे तू हॉलमध्ये दर वेळी…"

"हो. मुद्दाम सांगत होते."

मला भयंकर संताप आला. आठवडेच्या आठवडे मी चादरीखाली झाकलेली ती फळी बघत कपडे वाळत घातले होते. मी लॉबीच्या पायरीवर बसले. आईही शेजारी बसली, गुडघे धरत, कण्हत.

"मग आता कशाला सांगितलंस?" मी विचारलं. "माझं सुटलं होतं ना ते."

"म्हणून तर." ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. "मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडली असतीस ना, तर मेले असते तरी सांगितलं नसतं. पण तू ऐकलंस. तुझे बाबा शेवटच्या वर्षी असेच ऐकायला लागले होते माझं. मला नको असली मुलगी."

राग होताच, पण तो आता बसल्या जागी थंड होत चालला होता. गुडघे फार दुखतायत का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "माझं सोड. त्या माणसाला फोन लाव. रविवारी उचलतो का?"

त्याने उचलला. मी स्पीकरवर ठेवला आणि सांगितलं, की डावा निघाला, मऊ आणि रुंदच द्या, लांबी तुम्ही म्हणाल ती. तो इंग्रजीत म्हणाला, की बूट एकदा डावा पुढे असे मागवले की बदलून मिळत नाहीत, आणि मागच्या वेळी तर तुम्ही उजवा म्हणाला होतात. नक्की डावाच ना? कुणी सांगितलं?

आईला इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं सगळं. तिने माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ धरला आणि भाजीवाल्याला सांगते तशा आवाजात सांगितलं, "बायां पैर आगे. मैं आई है उसकी, मेरेको मालूम है."

मग फोन माझ्याकडे देऊन तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "रंग पिवळाच सांग त्याला."