बाजाराच्या दिवशी तीन दोऱ्या

"वही खोटी हाय, बापू!"

"सरकारी वही खोटी? जीभ सांभाळ, पार्बताबाई."

"जीभ सांभाळून काय करू? तुमी शालिकरामले अकोल्याले धाडून राहिले. मंग एकट्या नत्थुजीनं किती जखमा बांधाव्या?"

अमरावतीच्या त्या दवाखान्यात पट्टी बांधणारे दोघेच, नत्थुजी आणि शालिकराम. त्यांतला एक कमी करण्याचा कागद कारकून वामनराव वरच्या साहेबासाठी लिहीत होते. टपाल निघायला घटकाच उरली होती.

पार्बताबाई दारात उभी, हात कोपरापर्यंत ओले. अंजनगावची माळीण. दोन वर्षांमागे, विलायतेला कापूस हवा म्हणून इथं गाड्यांची रीघ लागली, तेव्हा तिच्या नवऱ्याचा पाय चाकाखाली आला. त्याला घेऊन ती इथं आली तो बाजाराचा दिवस. पट्टी बांधायला एकही हात मोकळा नव्हता. नवरा ओट्यावरच गेला. ती परत गेली नाही. रक्ताच्या पट्ट्या धुवायला राहिली.

वामनरावांनी वही तिच्यापुढे फिरवली. तिला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही.

"हे बघ. रोज वीस-बावीस रोगी. आणि बाजाराच्या दिवशी? नऊ! सगळे बाजारात असतात, इकडे येतो कोण?"

"त्या दिवशी वही कोन लिवते?"

"नत्थुजी. रोज तोच लिहितो."

"आन् पट्टी कोन बांधते?"

"तोच. आणि शालिकराम."

"मंग? एकाचा हात रुईचे गठ्ठे बांधाच्या दाबात चेंगरला, एक गाडीखाली आला, तिसरा वरडून राहिला. नत्थुजी रगत धरीन का बोरू धरीन? नऊ नावं लिवते आन् बोरू ठेवून देते. जितकी गर्दी, तितकी वही रिकामी! माह्या दोऱ्या पाहा. रोज धुतलेल्या पट्ट्यायची एक दोरी भरते. बाजाराच्या दिवशी तीन."

"एकेकाला चार-चार पट्ट्या लागतात. दोरीवरून माणसं मोजतात होय?"

"मंग रोजच चार लागतील ना! बाजारालेच काहून तिप्पट? त्या दिवशी मानसाले जास्तीचे हात फुटते काय?"

आतून नत्थुजीचं हसू ऐकू आलं. वामनराव हसले नाहीत.

"साहेबाला काय लिहू? धुणारी बाई म्हणते? दोरीवर सही नसते."

"त बसा येत्या बाजाराले ओट्यावर. तुमीच मोजा. तवर कागद ठेवा."

"टपाल थांबत नाही."

"रगत थांबते?"

वामनरावांनी ओल्या शाईवर वाळू टाकली, झटकली, कागदाची घडी केली. पार्बताबाई दारातून हलली नाही. आवाज मात्र खाली आला.

"येवढंच सांगा, बापू. दोघं एकाच वक्ताले आले, दोघायचंही रगत वाहून राहिलं, त नत्थुजीनं कोनाले सोडावं?"

वामनरावांनी पगडी चढवली, तिच्या ओल्या हातांना धोतर लागू नये म्हणून अंग चोरलं आणि कागद घेऊन बाहेर पडले.