दादाचं हृदय ठणठणीत होतं

माझ्या पुतण्याला लहानपणी कुणी पळू दिलं नाही. त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, हृदय ऐन तरुणपणी बंद पडलं होतं आणि मुलातही तो दोष उतरला असेल अशी घराला धास्ती होती. पाहुण्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं. ते खरं नाही हे फक्त मला माहीत होतं, आणि माणसं कशानं मरतात ते नीट लिहून घेणं हीच माझी नोकरी होती.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा मी मॅट्रिक होऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत चिकटलो. कचेरी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, फूलबागेच्या अलीकडे. संस्थानी अमलात मरणाची नोंद म्हणजे चौकीदारानं येऊन सांगायची गोष्ट होती. ताप, हगवण, देवी, साप, म्हातारपण. एवढ्या पाच-सहा शब्दांत अख्खं शहर मरायचं. आता वरून हुकूम आला की डॉक्टरच्या हाताखाली माणूस गेला तर कारण डॉक्टरनंच लिहून द्यायचं, म्हणजे साऱ्या देशाचे आकडे एका मापानं मोजता येतील. छापील चिठ्ठीवर तीन ओळी असत. वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते. मधल्या ओळीत, ते कशामुळे झालं. खालच्या ओळीत, ते मुळात कशानं सुरू झालं. मोजायची ती सगळ्यात खालची ओळ.

डॉक्टर मंडळी वरची ओळ भरत आणि मोकळी होत. तिथं एकच मजकूर: हार्ट फेल. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, कानपूरकडचे. पान गालात धरून ते म्हणत, "दिल तो सबका रुकता है, भैया. रुका क्यों, ये लिखवा के लाओ." मग मी त्या चिठ्ठ्या पिशवीत घालून सायकलवर निघायचो.

टोपी बाजारात एक मराठी डॉक्टर होते, दादाच्या वर्गातले. मला दारात पाहिलं की ते कपाळाला हात लावत.

"आलास पुन्हा? अरे, माणूस गेला, जाळला, त्याचं तेरावं जेवून आलो मी. आता कशानं गेलास म्हणून त्याला विचारू?"

"त्याला नको. तुम्हालाच विचारतोय."

"न्यूमोनिया लिही मग."

"मी नाही लिहायचं. तुम्ही लिहायचं."

"तुझ्यापेक्षा तुझा दादा बरा. तो निदान पोरांनाच कवायत करायला लावतो," असं म्हणत ते टोपण काढत आणि खालची ओळ भरत. वर चहा पाजत.

मला ते काम फार आवडायचं. उन्हात फिरून रंग रापला, पण शहरातला एकही दवाखाना अनोळखी राहिला नाही. हळूहळू आमच्या तक्त्यात हृदयाचा रकाना आटत गेला आणि क्षय, विषमज्वर, बाळंतपण हे रकाने भरत गेले. तपासणीला आलेले एक साहेब घाबरून म्हणाले, इथं रोगराई इतकी कशी वाढली? बडेबाबू म्हणाले, वाढली नाही हुजूर, पहिले घूंघट में थी. साहेब हसले, पण मला ते वाक्य सनदेसारखं वाटलं.

आता दादाचं सांगतो. आमचे पूर्वज दख्खनहून फौजेबरोबर आलेले. दादाही संस्थानच्या फौजेत होता. फौजा एकत्र झाल्या तेव्हा त्याची तुकडी मोडली आणि तो एका शाळेत कवायतीचा मास्तर झाला. सकाळी पोरांना पळवायचा, संध्याकाळी त्यांच्याबरोबर हॉकी खेळायचा. घरात वहिनी आणि त्यांचा जेमतेम बोलायला लागलेला मुलगा, आणि मी.

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश व्हायचा होता त्या दिवसांत दादाला विषमज्वर झाला. इकडे त्याला मोतीझरा म्हणतात. त्यावरच्या नव्या कॅप्सूल तेव्हा आलेल्या होत्या. टोपी बाजारच्या डॉक्टरांनी त्या दिल्या आणि ताप उतरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण तेव्हाची पद्धत अशी की मोतीझऱ्याचा ताप उतरला तरी रोग्याला बरेच दिवस घन काही द्यायचं नाही. बार्लीचं पाणी, मुगाचं वरचं पाणी, मोसंबीचा रस. दाणा पोटात गेला की आतडं फुटतं, असं सगळं शहर मानायचं आणि डॉक्टरही तसंच बजावायचे.

सहा फुटी माणूस बार्लीच्या पाण्यावर पडून होता. वहिनी विहिरीवर गेल्या की मला जवळ बोलवायचा.

"काहीतरी आण रे."

"डॉक्टर मारतील मला."

"तू त्याला आधी चिठ्ठी भरायला लाव. तो तुला घाबरतो."

एका सकाळी मी टोपी बाजारातून गरम बेडई आणली. बेडई म्हणजे डाळीचं सारण भरलेली टम्म पुरी; ग्वाल्हेरची सकाळ तिच्यानं होते. दादानं ती डोळे मिटून खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, "फौजेत असतो तर तुझी बढती लिहून दिली असती."

दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. पोट फळीसारखं झालं. आणखी एक दिवस काढून भर दुपारी तो गेला.

डॉक्टर धावत आले होते, पण उशीर झाला होता. ते खाटेच्या कडेवर बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "खायला काही दिलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

दारातून वहिनी म्हणाल्या, "नाही हो. पाण्याशिवाय काही नाही."

"तापानं हृदय दमलं असेल मग," ते म्हणाले. वरच्या ओळीत हार्ट फेल लिहिलं आणि खाली काही न लिहिता मित्राला खांदा द्यायला उठले.

ती चिठ्ठी यथावकाश माझ्या टेबलावर आली. कचेरीत तेव्हा सगळीकडे ट्रंका मांडलेल्या होत्या. राजधानी भोपाळला जाणार, खातं भोपाळला जाणार, जुनं दप्तर बांधून त्याबरोबर पाठवायचं होतं. रीतीप्रमाणे मी ती चिठ्ठी डॉक्टरांकडे परत न्यायला हवी होती. नेली असती तर त्यांनी डोकं ताळ्यावर ठेवून विचार केला असता. पोट दुखत होतं का, कडक झालं होतं का, असं विचारलं असतं आणि मग नक्की काय दिलंत म्हणून पुन्हा विचारलं असतं. वहिनींसमोर. मी ती चिठ्ठी हृदयाच्या गठ्ठ्यात ठेवली.

बडेबाबूंनी गठ्ठा चाळला. त्या चिठ्ठीवर त्यांचं बोट थांबलं. आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, खालच्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं. त्या दिवशी ते 'रुका क्यों' म्हणाले नाहीत. सुतळी मागितली आणि गठ्ठा बांधला.

मला भोपाळला वरची जागा मिळत होती. मी नको म्हणालो आणि शहरातच, नगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या टेबलावर बदली मागून घेतली. भावाच्या संसारासाठी लक्ष्मणासारखा राहिला, असं लोक म्हणायचे. मी त्यांना थांबवलं नाही. पण एक सांगतो, ते दिवस वाईट नव्हते. वहिनींच्या हातचं जेवण, पुतण्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणं, पुढे माझं लग्न होऊन घर भरणं. मी सुखात राहिलो. रुखरुख असून माणूस सुखात राहू शकतो.

पुतण्या सातवीत असताना शाळेचे खेळाचे मास्तर घरी आले. मुलाच्या हातात स्टिक बापासारखी बसते, याला संघात द्या, म्हणाले. पोरगा दाराआड उभा.

वहिनी म्हणाल्या, "नको. त्याच्या वडिलांचं हृदय पळून पळूनच गेलं. खुद्द डॉक्टरांनी लिहून दिलंय. सांगा ना, भाऊजी."

त्या घरात असल्या कागदांवरचं शेवटचं मत माझं होतं. मी म्हणालो, "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे."

पुतण्यानं हट्ट केला नाही, हेच वाईट झालं. स्टिक मित्राला देऊन टाकली. पुढे तो नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन झाला. थाटीपुरात सरकारी क्वार्टर मिळालं तेव्हा अर्ज करून तळमजला मागितला. दरवर्षी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्यायचा. डॉक्टर म्हणायचे, घोड्यासारखं हृदय आहे. तो म्हणायचा, बाबांचंही असंच दिसत असेल.

नोकरीच्या मध्यावर केव्हातरी एका तरुण डॉक्टरकडे विषमज्वराची चिठ्ठी घेऊन गेलो होतो. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "यात काही खाल्लं की आतडं फुटतं ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला? आत जखम झालेली असते, फुटायचं असलं तर ते पाण्यावर ठेवूनही फुटतं. आम्ही तर जेवू घालतो. उपाशी ठेवून ठेवून जुन्या लोकांनी रोगी नुसते वाळवले."

मी बाहेर येऊन सायकलला कुलूप लावलंय हेच विसरलो आणि ओढत राहिलो. बेडईनं दादा मेला नव्हता. त्याच दिवशी घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण तोवर पुतण्याला मिसरूड फुटून गेलं होतं, हॉकी गेली होती. आता सांगायचं तर बेडईचं नव्हे, मास्तरांसमोर बोललेल्या वाक्याचं सांगावं लागणार होतं. ते बेडईपेक्षा जड निघालं. मी निवृत्त झालो, तरी गप्पच.

मग पुतण्याची मुलगी मोठी झाली. तिला कुणी स्टिक दिली देव जाणे, पण ती मैदानावरून घरी येईचना. एका संध्याकाळी आम्ही सगळे चहाला बसलो होतो आणि ती बापाच्या मागे लागली होती.

"बाबा, परसों ट्रायल है. पूरे संभाग की लड़कियाँ येणार आहेत. हो म्हणा ना!"

"आपल्या घराण्यात हृदयाचं आहे, बेटा. तिथं त्यांचा डॉक्टर विचारेल, घरात कुणाला काही होतं का. खोटं सांगू का मी?"

"तो क्या, मी पण ड्राफ्ट्समन होऊ?"

मी हातातली बशी खाली ठेवली. मी म्हणालो, "खोटं तू नाही, मी सांगितलंय. दादाचं हृदय ठणठणीत होतं." आणि मग बेडईपासून मास्तरांपर्यंत सगळं सांगितलं, एकदाही न थांबता, कारण थांबलो असतो तर राहिलंच असतं.

वहिनी कोपऱ्यात वाती वळत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे हात थांबले.

"कोणत्या दिवशी दिलीत बेडई?"

"पोट दुखायच्या आदल्या सकाळी."

"आणि मी त्याच दुपारी दहीभात दिला," त्या म्हणाल्या. "वाटीभर. इतके मागत होते की बघवेना. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. मला वाटत आलं, माझ्या भातानं गेले. मग हृदयाचं लिहून आलं आणि मला धीर आला. म्हणून मी ते घट्ट धरून बसले, भाऊजी. याला पळू दिलं आणि याला काही झालं नाही, तर मग ते हृदयाचं नव्हतंच असं झालं असतं ना."

मी त्यांना त्या तरुण डॉक्टरचं बोलणं सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

पुतण्या उठून अंगणात गेला. तो ओरडेल असं वाटलं होतं. परत आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, सातवीपर्यंत मी शाळेत लेफ्ट इन खेळायचो. तुम्ही कधी बघायला आलात?"

"नाही."

"चांगला होतो मी."

"मास्तर म्हणाले होते."

"हं." तो आईजवळ बसला. "म्हणजे बाबा उपाशी गेले नाहीत. तुम्ही दोघांनी चोरून जेवू घातलंत. एकानं सकाळी, एकीनं दुपारी. दोन्ही जेवणं झाली की त्यांची!" वहिनींना रडता रडता हसू फुटलं. मलाही. तो मात्र हसला नाही, आणि पुढचा महिनाभर माझ्याशी तुटकच बोलत राहिला. ते त्याला शोभत होतं.

ट्रायलला तो मुलीबरोबर मलाही घेऊन गेला. मैदानाच्या कडेला टेबल टाकून एक डॉक्टरीण बसली होती. तिनं मुलीची छाती तपासली आणि मान वर न करता विचारलं, "फैमिली में हार्ट का कुछ? दादा-दादी?"

"दादी ठीक हैं. दादा टाइफाइड में गए थे," पुतण्या म्हणाला. "आँत फटी थी. दिल में कुछ नहीं था."

इतकं पुरं उत्तर मला कुठल्याच डॉक्टरनं पहिल्या फेरीत दिलं नव्हतं. तिनं ते ऐकून घेतलं, हातानंच पुढे जा म्हणून खूण केली, आणि मुलगी पळत सुटली.