गाडी झोपेपर्यंत

नाना गाडीला हात लावण्याआधी सगळ्यांना लांब उभं करायचे. किल्ली काढली, दारं लावली की बोट ओठांवर. भर दुपारी, तामलवाडीच्या रस्त्यालगत त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर चार-पाच माणसं एका बंद गाडीकडं बघत मुकाट उभी. नव्या माणसाला वाटायचं, आत प्रेत आहे. मग बॉनेटखालून कुठूनतरी बारीक 'टक्' व्हायचं. नाना म्हणायचे, "झोपली." आणि मगच बॅटरीची काळी वायर सोडवायचे.

"बंद गाडी बंद नसती," ते सांगायचे. "किल्ली काढली तरी आत एक जण जागा असतो. तो जागा असताना वायर उपटली तर दचकतो. दचकला की काय करंल, नेम न्हाय."

नाना गाड्यांची वायरिंग करायचे आणि नम्रपणाशी त्यांचं जमत नव्हतं. "धाराशिवपास्नं सोलापूरपर्यंत माझ्या तोडीचा एक दाखवा," हे रोजचं. कुणी दाखवलाच, तर त्याची गाडी तशीच परत जायची. फ्यूजच्या जागी कुणी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोंबलेला सापडला, की तो मालकाच्या नाकासमोर धरायचे. "फ्यूज मरतो म्हणून गाडी जगती. तुम्ही मरणाऱ्यालाच अमर केलं. आता जळू द्या घर."

मी तेव्हा दारूबंदीची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत फिरायची. त्यांनी मला नाव ठेवलं पत्रकवाली. त्यांच्याच शेडला लिंबू-मिरची टांगलेली बघून मी भडकले होते.

"नाना, शोभतं का हे तुम्हाला?"

"त्याला वायर जोडलीय का?"

"नाही."

"मग राहू दे. बिनवायरीचं कुणाला भाजत न्हाय."

मी पत्रक देऊन निघाले. पुढच्या वेळी त्याच पत्रकावर त्यांचे पाने-पक्कड मांडलेले होते.

आमच्या गावाची एक रुग्णगाडी आहे. लोकवर्गणीची. का, तर बोलावलेली सरकारी रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस एकतर बरा होतो नाहीतर जातो. यात मला काही मवाळ शब्द वापरायचा नाही. आठवड्यातून दोनदा ती गाडी सुमनकाकूंना रक्त धुवायला सोलापूरला न्यायची. त्यांची मूत्रपिंडं गेलेली. गाडी चुकली की अंगावर सूज, दम. दुसरी सोय नव्हती, आजही नाही.

याच गाडीत गावातल्या म्हाताऱ्या पारूबाई दवाखान्यात नेताना वाटेतच वारल्या. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी बिघडली. बिघडली म्हणजे कशी? ग्रामपंचायतीसमोर रखरखीत उन्हात उभी, आत कुणी नाही, किल्ली ड्रायव्हर दत्ताच्या खिशात. आणि वायपर हलायला लागले. कोरड्या काचेवर खर्र, खर्र. थांबले. मग हॉर्न. एकदाच, बारीक, गळा दाबल्यासारखा. मी स्वतः पाहिलं. पारावरची माणसं उठून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं : पारूबाईला उतरायचंय, दार उघडा म्हणतेय.

मी संतापून पत्रक काढलं. 'भूत गाडीत नाही, कारभारात आहे.' कुणी वाचलं नाही. सुमनकाकूंची सोलापूरची खेप आली तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना गाडीजवळ जाऊ दिलं नाही. काकू पायरीवर बसून होत्या, पावलं सुजलेली. म्हणाल्या, "आरं, भूत असंना. त्याला सोलापूरची वाट ठावं हाय ना? मग बसू द्या मला." मुलगा हलला नाही. ती खेप हुकली.

मी दत्ताला घेऊन गाडी नानांकडं नेली. वाटेत वायपर दोनदा हलले. दत्ता देवीचं नाव घेत होता, मी खिडकीबाहेर बघत होते.

नानांनी गाडीला हात लावला नाही. आधी दत्ताकडं बघितलं. "इंजन चालू ठेवून टर्मिनल उपटलंस का न्हाय?"

दत्ता खाली बघायला लागला. आमच्याकडं हा मर्दुमकीचा खेळ आहे. इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून दाखवायची. तरी इंजिन चालत राहिलं तर डायनमो ठणठणीत. जमलेले लोक वा वा करतात. पारूबाई गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी दत्तानंही लोकांसमोर तेच केलं होतं.

"डायनमोचा करंट बॅटरीत मुरतो," नाना म्हणाले. "बॅटरी काढली, आता जाईल कुठं? फणा काढून उठतो आन् गाडीच्या डोक्यात शिरतो. हिचं डोकं भाजलंय. येड्यागत बडबडती. पारूबाई बिचारी का हलवंल वायपर? तिनं जन्मात मोटार चालवली न्हाय."

मी जोरात हसले. तेवढ्यात हॉर्न वाजला. नाना हसले नाहीत. गाडीकडं बघत हळूच म्हणाले, "ऐकू येतंय तिला."

त्यांनी एका भंगारातल्या गाडीचं कंट्रोल युनिट, म्हणजे तेच डोकं, शोधून बसवलं. पहिल्यांदा ते चाललंच नाही. नानांनी सगळ्या जगाला शिव्या घातल्या, दुसरं आणलं, ते चाललं. मग दत्ताच्या हातात दोन चिमट्यांची एक छोटी डबी दिली. अचानक उसळलेला करंट ती स्वतःवर घेते. नाना तिला राखणदार म्हणायचे. "दुसऱ्या गाडीवरनं स्टार्ट करायची झाली तर आधी बॅटरीला राखणदार, मग वायरी. आन् काढायचं काय बी असू दे, झोपू द्यायचं आधी."

सुमनकाकू पुढच्या खेपेला गाडीत बसल्या. नाना स्वतः मागं त्यांच्या शेजारी बसून सोलापूरपर्यंत गेले, म्हणून काकूंचा मुलगा आडवा आला नाही. वायपर पुन्हा कधी हलले नाहीत.

नाना गेले ते छातीच्या दुखण्यानं, सोलापूरच्या दवाखान्यात. त्यांना परत आणलं याच गाडीनं. घरासमोर गर्दी, बायकांचा आक्रोश. दत्तानं किल्ली काढली. लोक दाराकडं धावले, तर त्यानं दोन्ही हात पसरले आणि बोट ओठांवर ठेवलं. काय झालं कुणाला कळलं नाही, पण सगळे थांबले. रडणंही थांबलं. सुमनकाकू काठी टेकून माझ्या शेजारी उभ्या होत्या.

आतला दिवा हळूहळू मावळला. आवाज येईना. एवढा वेळ कधीच लागला नव्हता. त्याचंही काही कारण असेल, मी शोधलं नाही. काचेतून पांढऱ्या चादरीची कड दिसत होती, आणि ती सगळी माणसं बंद गाडीकडं बघत मुकाट उभी होती.

मग 'टक्' झालं.

"झोपले," सुमनकाकू म्हणाल्या. दत्तानं दार उघडलं.