मिरचीच्या शेतातली बाटली

आमच्या मदुरा बेटावर जनावरांना सुई टोचणाऱ्याला मंत्री म्हणतात. आमच्या गावांची मंत्री हुसनिया. तिचे पुढचे दोन दात एका म्हशीने पाडले आणि एक बरगडी बैलाच्या लाथेने मोडली. "माणसांपेक्षा जनावरं बरी," ती म्हणते. "मारण्याआधी फुसकारतात तरी."

शर्यतीत बैल पळवायला आम्ही खिळे ठोकलेली काठी वापरतो. जिंकलेल्या बैलाचा मागचा भाग सोलून निघालेला असतो. यंदा आमच्या गावच्या मत्रावीची बैलजोडी जिंकली आणि काही दिवसांत डाव्या बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या. मत्रावी हुसनियाला शोधत शेजारच्या गोठ्यात गेला, तेव्हा ती खांद्यापर्यंत हात घालून गायीच्या पोटातलं मेलेलं वासरू ओढत होती.

"मंत्रीणबाई, अळ्या झाल्यात!"

"धू आणि औषध लाव!" ती मागे न बघताच ओरडली.

दुसऱ्या दिवशी मत्रावीचा बैल थरथरायला लागला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, शेण पाण्यासारखं वाहू लागलं. मग तो कोसळला आणि पाय झाडून झाडून त्याने गोठ्याचा खांब उखडला. नेमका त्याच वेळी शर्यतीत हरलेला दुराखिम बघायला आला.

"काय चारलंस याला?" मत्रावीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता विळा चालवला. दुराखिमचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. त्यानेही कमरेचा विळा उपसला.

मत्रावीच्या बायकोने, रुमलाने, फोन केला म्हणून हुसनिया धावत आली. तिने भांडणाकडे पाहिलंच नाही. बैलाच्या जखमेशी नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"काय लावलंस?"

"तूच सांगितलंस ना, औषध!"

"कुठलं औषध?"

रुमलाने बाटली आणली. मिरचीवर फवारायचं होतं ते.

"अरे, हे किडे मारायचं आहे! उघड्या मांसातून सगळं रक्तात गेलं. दुराखिमने काही केलेलं नाही."

"मग औषध का म्हणतात त्याला?" मत्रावी किंचाळला. विळा आता तिच्या गळ्याशी आला. "म्हणजे तू मारलंस!"

"कुठलं ते मी सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. आधी बैल धुऊ दे, मग काप मला."

पण विळा धरलेला हात थरथरत होता. मत्रावीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, ओठांवरून लाळ ओघळत होती.

"उघड्या हाताने चोळलंस, गाढवा?" तिने त्याच्या मनगटावर फटका मारून विळा पाडला. "रुमला, आधी तुझ्या हातांना पिशव्या बांध. याचे कपडे काढ, साबणाने घास, दवाखान्यात ने. दुराखिमलाही त्याच गाडीत घाल."

"याच्या शेजारी?" दुराखिम फाटक्या हाताला लुंगी गुंडाळत ओरडला.

"नाहीतर मांडीवर बस त्याच्या!"

गाडी गेली. तिने बैलाला धुतलं, विषावरचा उतारा टोचला. सगळ्या कुप्या संपल्या. बैलाने एकदा मान उचलून जमिनीवर आपटली. लोक सुरा घेऊन पुढे आले.

"जीव आहे तोवर हलाल करू, मांस तरी वाया जाणार नाही."

"या मांसात तेच विष आहे. ज्याला मरायचंय त्याने कापावं." ती बैलाच्या मानेवर बसून राहिली. बैल तिच्याखालीच मेला. मग तिने कातडीसकट त्याला खोल खड्ड्यात पुरायला लावलं.

दवाखान्यातून सुटलेला मत्रावी सरळ तिच्या दारात आला. विळा कमरेला होताच.

"दुसऱ्या बैलाच्या जखमेतही अळ्या आहेत," तो म्हणाला. "काय लावू? नाव सांग, नुसतं औषध म्हणू नकोस."

"नाव सांगून उपयोग नाही, तू बाटलीवरची चिठ्ठी वाचायचा नाहीस. मीच लावते. आणि काठीचे खिळे काढ."

"मग पळेल कसा तो?"

"नाही पळाला तर नाही पळाला."

मत्रावी गोठ्याकडे वळला. तिने पिशवी उचलली. गोठ्यात उरलेल्या बैलाने तिचा वास घेतला, फुसकारला आणि तिच्या मांडीवर लाथ हाणली. ती भिंतीवर आदळली. मत्रावीने धावत जाऊन बैलाची वेसण धरली.

"घट्ट धर," ती उठत म्हणाली.