अग्नी देणाऱ्याची पेन्शन

“कमलच्या नवऱ्याला मीच बोलावलं,” सुशीलामावशी म्हणाल्या, आणि फॉर्म भरता भरता माझा हात थांबला.

मी भवानी पेठेत एका पीएफ कन्सल्टंटकडे काम करतो. घर लांब, नंदुरबारकडे. शाळा आठवीतच सुटली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, काम शिकवलं, त्यांचे उपकार आहेत. म्हणून केस हातातून जायला लागली की मला धडकीच भरते.

मावशी कमलताईंच्या क्लेमसाठी आल्या होत्या. कमलताई टॉवेल कारखान्यात शिलाईवर होत्या, कॅन्सरनं गेल्या. दोघी वीसेक वर्षं एका खोलीत राहिल्या. तुळजापूरला जाऊन एकमेकींना हार घातले होते. मावशी ते न लाजता सांगायच्या. कापसाच्या धुळीनं मावशींना दमा लागला, काम सुटलं, आणि घर कमलताईंच्या पगारावर चालू राहिलं. आता पेन्शन मिळाली तरच खोली राहणार होती.

पेन्शनचं असं असतं. कामगार वारला तर ती नवऱ्याला किंवा बायकोला आणि लहान मुलांना मिळते. असं कुटुंबच नसेल तर नॉमिनीला, म्हणजे कामगारानं ज्याचं नाव दिलंय त्याला. कमलताईंना मूल नव्हतं आणि नॉमिनी म्हणून मावशी होत्या. मला केस सोपी वाटली होती.

“नवरा कुठं असतो?” मी विचारलं.

“बार्शीला. लग्न झाल्यावर दोन म्हैनं नांदली असंल. लई मारायचा. पळून आली ती परत गेलीच न्हाय.”

“घटस्फोट?”

“कशाचा घटस्फोट? त्यानं दुसरी केली, हिनं त्याचं नाव टाकलं.”

“मग आता कशाला बोलावलं?”

“सवाष्ण गेली की ती. गल्लीतल्या बायका म्हणल्या, नवरा जिता हाय, हिरवं लुगडं नेसवा, कुंकू त्याच्या हातनं लागू द्या, अग्नी त्यानंच द्यावा. मला बी वाटलं, माझ्यापायी तिचं काय उणं राहू नये.”

तो आला, कुंकू लावलं, अग्नी दिला. आणि जाता जाता कारखान्यात चौकशी करून गेला. त्याचा क्लेम आमच्या आधीच पीएफ ऑफिसात पोचला होता.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, “साहेब, दोन महिन्यांचं लग्न आहे हो.”

“दोन दिवसांचं असतं तरी चाललं असतं. मोडलेलं नाही ना कोर्टात? नवरा आहे म्हणजे कुटुंब आहे. नॉमिनी बाद.”

“आणि ह्या दोघींची वीस वर्षं?”

“दोन बायकांचं लग्न आपल्याकडं कायद्यात बसत नाही. वर्षं मोजायची कुठून?”

“पण त्यानं दुसरी केलीय.”

“घटस्फोटाशिवाय केलीय. ते लग्न कायद्याला दिसतच नाही. तो अजून कमलचाच नवरा. फोन करून बघ. माणूस असेल तर निम्मं देईल.”

मी फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“अग्नी द्यायला नवरा पायजे होता,” तो म्हणाला. “मी धंदा सोडून आलो. तवा नवरा, आन् आता न्हाय व्हय?”

मी फोन ठेवला.

पेन्शन त्याला मंजूर झाली. मावशींना सांगायला मीच खोलीवर गेलो. त्या भांडी पोत्यात भरत होत्या, पुतण्याकडे केम गावाला निघाल्या होत्या. तिथं किती दिवस ठेवून घेतील, हे मावशींनाही ठाऊक नव्हतं.

“म्या बोलावलं नसतं तर?” त्यांनी विचारलं.

“नियम तोच राहिला असता, मावशी,” मी म्हटलं. ते खरंच होतं. पण न बोलावता त्याला कळलं कसं असतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. पोतं मात्र स्टँडपर्यंत उचलून दिलं.

हल्ली नॉमिनीचं नाव द्यायला बाई आली की मी आधी विचारतो, लग्न झालं होतं का, झालं असेल तर कोर्टातून मोडलंय का. काही जणी रागावतात. ‘त्याचं नाव काढू नका,’ म्हणतात. मी म्हणतो, नाव काढायचं नसेल तर आधी कोर्टातून सुटा. ऐकून घेतात आणि जातात. आजवर एकही निकाल घेऊन परत आलेली नाही.